खोटा ओरडा

दोन वर्षांपूर्वी उलवे, कामोठे, खारघर आणि पनवेलच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरला होता. त्यात काउंटरमागे उभा राहून एका बाईवर ओरडणारा पांढऱ्या केसांचा माणूस म्हणजे मी. ती बाई आमच्या दुकानात कुत्र्यांना आंघोळ घालायची, त्यांचे केस आणि नखं कापायची. व्हिडिओत तिच्या एप्रनवर रक्त आहे आणि मान खाली आहे. मी बोट नाचवत म्हणतो आहे, "हिचा हातच वाईट आहे. आजपासून ही इथे नाही." त्यानंतर या भागातल्या कुठल्याही दुकानात तिला कुणी कुत्र्याला हात लावू दिला नाही. माझं वाक्य खोटं होतं आणि ते खोटं आहे हे तोंडातून निघतानाच मला ठाऊक होतं. ते कसं घडलं ते मी आता, एकाहत्तराव्या वर्षी, लिहून ठेवतो आहे.

दुकान माझ्या सुनेचं. नवीन पनवेलमध्ये शाळेमागच्या गल्लीत, दोन गाळे एक करून काढलेलं. पाटीवर 'स्पा' असं लिहिलेलं. आत एक गीझर, एक मोठा स्टीलचा टब, दोन टेबलं, ब्लोअर आणि काचेची भिंत. सुनेने चांगली नोकरी सोडून हे काढलं तेव्हा मी घरात बसून हसलो होतो. पण कुत्री येऊ लागली आणि कुत्र्यांमागून तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा तिने मला बोलावलं. बत्तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसलो होतो. लोकांना काहीही न देता परत कसं पाठवायचं हे एवढं एकच काम मला येत होतं.

गिऱ्हाइकांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. यातले बरेचसे मुंबईहून नाहीतर पुण्याहून इकडे राहायला आलेले, दोघेही नोकरीवर, घर बाराव्या-पंधराव्या मजल्यावर. त्यांना कुत्रा म्हटलेलं खपत नाही, 'बेबी' म्हणावं लागतं. स्वतः ते 'मम्मा' आणि 'पप्पा'. बेबीच्या अंगावरून तीन-तीन महिने साधा ब्रश फिरवत नाहीत. मग लोकरीच्या जाड घोंगडीसारखं झालेलं ते जनावर आमच्या टेबलावर आणून ठेवतात आणि मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी कुत्र्याचा फोटो दाखवतात. म्हणतात, असा करून द्या.

एकदा बँकेतल्या एका अधिकाऱ्याचा शिह त्झू असाच आला होता. अंगभर गाठी. मशीन फिरवून सगळं काढण्याशिवाय इलाज नव्हता. संध्याकाळी साहेब न्यायला आले आणि त्या गुलाबी, बारीक प्राण्याकडे बघून ओरडले, "हा आमचा नाहीच! तुम्ही अदलाबदल केलीत!" कुत्रा त्यांच्या पायावर दोन्ही पंजे ठेवून आनंदाने मुतत होता. मी म्हणालो, "साहेब, त्याने तरी तुम्हाला ओळखलं."

दुसऱ्या एक बाई पामेरियनला काखेत घेऊन आल्या. आंघोळ करून गेल्यापासून तो म्हणे गप्प होता, जेवत नव्हता.

"इथे कुणीतरी त्याला टाकून बोललंय," त्या म्हणाल्या.

"त्याला मराठी कळतं?"

"नाही. आम्ही घरी इंग्लिशच बोलतो त्याच्याशी."

"मग टाकून बोललेलं त्याला कसं कळलं?"

"टोनवरून," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याचं चिन्ह नव्हतं.

अशा माणसांना उत्तर देऊन उपयोग नसतो. त्यांना नुकसानभरपाई नको असते आणि खुलासाही नको असतो. आपल्यासाठी कुणालातरी झापलं गेलं हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं. हे मी कचेरीत शिकलो होतो. आमचे एक साहेब होते. कामच होणार नसेल अशी तक्रार आली की ते शिपायाला आत बोलवायचे आणि तक्रारदारासमोर त्याचा असा उद्धार करायचे की तक्रारदारच मध्ये पडायचा. "जाऊ द्या साहेब, लेकराबाळांचा माणूस आहे," म्हणत तो स्वतःचा अर्ज विसरून निघून जायचा. शिपाई त्या दिवशी तासभर लवकर घरी जायचा. दोघांत तसं ठरलेलं होतं. तेच मी दुकानात आणलं.

शिपायाच्या जागी आमच्याकडे ती होती. उलव्याजवळच्या गव्हाण गावची. सासरची मिठागरं होती, ती गेली. नवरा भरावाच्या कामावर डंपर चालवायचा. लहानपणी बापाच्या शेळ्या राखल्यामुळे तिला जनावराचं अंग वाचता यायचं. पुढे बेलापूरच्या एका दुकानात दोन वर्षं टब घासता घासता ती केस कापायला शिकली. सुनेने कोर्स केलेला होता, भिंतीवर सर्टिफिकेट होतं. पण चावरा कुत्रा आला की सूनही तिलाच हाक मारायची. ती काही विशेष करायची नाही. टेबलावर घेतलं की एक हात त्याच्या छातीखाली ठेवायची आणि तो श्वास सोडेपर्यंत थांबायची. मग दुसरा हात कामाला लागायचा.

मला ती काका म्हणायची, सुनेला ताई. काम करता करता मला शिकवायचीही. "काका, गाठीला कात्री नाय लावायची कदी. गाठीत कातडं वर ओढून आलेलं असतं, दिसत नाय. कंगवा मधी घालायचा आनि मशीननी काढायची. कानामागं तर नायच नाय." हे तिने मला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं.

झापण्याच्या नाटकाचं मी तिला विचारलं तेव्हा ती आधी हसली. काउंटरवर घंटी होती. एकदा वाजली तर कुत्रा न्यायला आलेत, दोनदा वाजली तर नाटक, असं ठरलं. दोन टिंग ऐकले की ती हात पुसत, मान खाली घालून काचेच्या खोलीतून बाहेर यायची. मी आवाज चढवायचा. ती मला साहेब म्हणायची. "चुकलं, साहेब." मग बहुतेक गिऱ्हाइकं विरघळायची. मम्मा म्हणायच्या, "जाऊ द्या ना काका, एवढं काय ओरडताय बिचारीला." मी आणखी दोन वाक्यं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की आम्ही दोघं हसायचो.

"आज लई मोठ्यानं बोललात काका. आत लॅब्रेडॉर मुतला ना घाबरून."

"तू पण डोळे पुसलेस की."

"शाम्पू गेलता."

पहिल्याच आठवड्यात तिने एक अट घातली होती. "आळशी बोला, येडी बोला, घरी पाठवतो बोला. पन हात वाईट हाय असं नाय बोलायचं. आमाला दुसरं काय नाय ओ, हा हातच हाय." मी म्हणालो, बरं. अट फार सोपी वाटली मला.

वर्षभर हे छान चाललं. इतकं छान चाललं की मला स्वतःबद्दल मोठी मतं व्हायला लागली. येणाऱ्या लोकांना मी शहाणपण शिकवायचो. कुत्र्याच्या जातींवर बोलायचो. टेबलाशी उभा राहून, "हे जरा इकडून घे, ते तिकडून घे," असं तिला सांगायचो. ती 'हो काका' म्हणायची आणि स्वतःला हवं तसंच करायची. ते मला खुपायचं. गिऱ्हाइकांना मी हसायचो कारण त्यांना काही येत नसताना सगळं कळतं असं वाटायचं. माझं वेगळं काय होतं ते मला आज सांगता येणार नाही.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी उलव्याच्या एका टॉवरातल्या बाईंचा कॉकर स्पॅनियल आला होता. तपकिरी, म्हातारा, लांब लोंबत्या कानांचा. संध्याकाळी त्याचा वाढदिवस होता. हाडाच्या आकाराचा केक होता, टोप्या होत्या, क्लब हाउस घेतलं होतं. हे सगळं मला माहीत आहे कारण बाईंनी दुपारपासून तीनदा फोन करून ते सांगितलं. चार वाजता हवाच, म्हणाल्या. सून सामान आणायला वाशीला गेली होती. कुत्रा टेबलावर गळ्यात पट्टा अडकवून उभा होता, जवळजवळ तयार. आतल्या खोलीत ती एका ओल्या गोल्डन रिट्रीव्हरला सुकवत होती आणि ब्लोअर घोंगावत होता.

चौथा फोन आला. बाई गाडीत बसल्या होत्या. मी टेबलाकडे गेलो. काचेआडून ती ओरडली, "काका, त्याला हात नका लावू! कानामागं गाठ राहिलीय. धा मिन्टं द्या मला."

हात नका लावू. हे मला सांगणारी ही कोण, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी कानाची पाळी उचलली. गाठ दिसली, सुपारीएवढी. काउंटरवर पार्सलच्या पट्ट्या कापायची मोठी कात्री होती. ती घेतली आणि कापलं.

गाठ कापताना कराकरा आवाज येतो. हा आवाज मऊ होता.

कुत्र्याने क्षणभर काहीच केलं नाही. मग डोकं झटकलं आणि भिंतीवर, काचेवर, माझ्या चष्म्यावर रक्त उडालं. कानाच्या कडेचा नखाएवढा तुकडा टेबलावर पडला होता आणि त्याला केस होते. मी कात्री हातात धरून उभा राहिलो. ती गोल्डनला तसाच सोडून धावत आली. एप्रनचं टोक कानावर दाबलं, कान डोक्यावर उलटा धरला, कुत्र्याला छातीशी आवळलं.

"कायनी कापलं?"

"कात्रीने."

"ती पुठ्ठ्याची?"

मी मान हलवली. पावडर, कापूस, पट्टी. मग त्याला उचलून ती पुढच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे पळाली. दोन टाके पडले. परत आली तेव्हा तिच्या एप्रनची पुढची बाजू लाल होती आणि कुत्रा तिच्या खांद्यावर मान टाकून होता. तोवर मी कात्री धुऊन जागेवर ठेवली होती.

ती परतल्यावर पाच मिनिटांत बाई आल्या. आधी किंचाळल्या, मग रडल्या, मग त्यांनी कुत्र्याच्या पट्टीचा फोटो काढला. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे.

"ओ माय गॉड, आज त्याचा बर्थडे आहे! हे कुणी केलं? मला ती पर्सन समोर हवीये. राइट नाऊ!"

मला एक शब्द बोलायचा होता. 'मी.' तो बोलायला शहाणपण लागत नाही, धैर्यही फारसं लागत नाही. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एका रडणाऱ्या बाईसमोर तेवढा शब्द उच्चारता यायला हवा. मी घंटी वाजवली. दोनदा.

ती आतून आली. मान खाली, हात पुसत. नेहमीसारखीच आली. पुढे तिने मला सांगितलं, "मला वाटलं तुमी नाटक करताय. ही बया गेली की ताईंना खरं सांगाल."

मी ओरडायला सुरुवात केली. बाई विरघळल्या नाहीत. त्यांनी मोबाइल उभा धरला आणि म्हणाल्या, "काका, एवढ्याने नाही होणार. उद्या परत हिच्याच हातात कुणाचं बाळ देणार का तुम्ही? कॅमेऱ्यात सांगा."

कॅमेरा समोर होता. आवाज चढलेलाच होता. मग मी ते वाक्य बोललो, जे सोडून बाकी काहीही बोल असं तिने मला सांगितलं होतं.

तो व्हिडिओ नीट थांबवत पाहिला तर एका जागी ती मान वर करून माझ्याकडे बघते. फार थोडा वेळ. मग पुन्हा खाली बघून म्हणते, "चुकलं, साहेब." लोकांना वाटलं, कबुली दिली. ती फक्त आमचं ठरलेलं वाक्य बोलत होती.

सून वाशीहून परत येईपर्यंत व्हिडिओ तिच्या आधी पोचला होता. दारातच म्हणाली, "बाबा, तिला आता ठेवता येणार नाही." मी म्हणालो, "हं." पूर्ण होकारसुद्धा दिला नाही, एवढा मी सावध. जिला काढलं ती कोपऱ्यात चपला घालत होती. खालच्या आवाजात तिने विचारलं, "काका, सांगितलंत ना ताईंना?"

"सांगतो. दोन दिवस जाऊ देत. वातावरण थंड होऊ दे."

कचेरीत आम्ही हेच म्हणायचो.

त्यानंतर तिचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. ती खारघरला विचारायला गेली, कामोठ्याला गेली, परत बेलापूरच्या जुन्या दुकानात गेली. सगळीकडे काउंटरवरच्या माणसाने मोबाइल काढून तिला तिचंच तोंड दाखवलं. मग उलव्यात एका बिल्डरच्या साइट ऑफिसमध्ये ती झाडू-पोछ्याला लागली. हे मला आमच्या दुकानात टॉवेल धुवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्या गव्हाणच्याच. "सिमेटनी हात फाटलेत तिचे," एवढंच बोलून त्यांनी टॉवेलांची बादली उचलली.

दुकानाचं काही बिघडलं नाही. उलट, 'यांनी लगेच ॲक्शन घेतली' म्हणून आमचं कौतुक झालं. उलव्याच्या बाईंनी आम्हाला चार तारे दिले. पाचवा कानासाठी कापला असणार.

दोन वर्षं अशी गेली. यंदा एका सकाळी ती दुकानात न येता थेट घरी आली. मी एकटाच होतो. तिने पाणी नको म्हटलं, बसली नाही. खारघरला जनावरांच्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात केस कापायचं काम निघालं होतं. बाईंनी तिचं काम पाहिलं होतं, त्यांना ते आवडलं होतं. पण कुणीतरी तो व्हिडिओ त्यांनाही पाठवला.

"मॅडम बोलल्या, जुन्या दुकानातून लिहून आन. सोमवारपर्यंत. दुसरी पन एक येऊन गेलीय त्यांच्याकडं."

मी लगेच बसलो आणि लिहून दिलं. 'सदर महिला आमच्याकडे कार्यरत असताना त्यांचे काम समाधानकारक होते. त्या स्वभावाने प्रामाणिक व कष्टाळू असून त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' खाली सही आणि दुकानाचा शिक्का. मला वाटलं, झालं. चक्क हलकं वाटलं मला त्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन परत आली.

"मॅडमनी वाचला. बोलल्या, मराठी छान हाय. आनि मंग विचारलं, यात कान कुठंय?"

मी कागद उलटून मागची बाजू बघितली.

"काका, हे स्वभाव नि शुभेच्छा मला नकोत. कान कोनी कापला तेवढं लिवा. एक ओळ."

"अगं, लेखी दिलं तर दुकानावर..."

"दुकान ताईंचं. हात माजा."

ती गेल्यावर मी तो कागद फाडला. दुसऱ्या सकाळी नाश्त्याच्या वेळी मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. सुनेचा घास हातात राहिला. "माझ्या टेबलावर? पार्सलची कात्री?" म्हणाली. मग दुकानाची मालकीण जागी झाली. "पण बाबा, आता कशाला? लोक विसरलेत. उगाच परत तेच सुरू होईल." मुलगा म्हणाला, "डॉक्टरांना फोनवर सांगा ना तुम्ही. लेखी-बिखी कशाला? वातावरण बघून बोला." त्यांच्यावर रागावायचा मला अधिकार नव्हता. ही भाषा त्या घरात मीच आणली होती.

ज्या ग्रुपावरून ते सुरू झालं तिथेच ते मिटावं म्हणून मी उलव्याला गेलो. चौदाव्या मजल्यावरून सगळीकडे क्रेन दिसत होत्या. बाईंनी मला ओळखलं, कॉफी विचारली. कुत्रा जिवंत होता. मी आत शिरल्याबरोबर तो उठून सोफ्याखाली गेला आणि मी निघेपर्यंत तिथून हलला नाही. "हल्ली पाहुणे नाही आवडत त्याला," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं, कान मी कापला. त्या बाईने नाही.

"ओके," बाई म्हणाल्या. "सो सॅड. पण काका, आता दोन वर्षं झाली ना?"

"तुमच्या ग्रुपवर तेवढं टाकाल का?"

"ॲक्च्युअली ग्रुपचा रूल आहे, जुने विषय नाही काढायचे. निगेटिव्हिटी होते. आणि मी ती क्लिप केव्हाच डिलीट केलीये, सो माझ्याकडून तर ते क्लोज आहे."

त्यांच्याकडून ते बंद झालं होतं. ज्या बाईला माझ्याकडून एका माणसाचं मुंडकं हवं होतं, तिला ते मुंडकं कुणाचं होतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण ते कापून ताटात मी ठेवलं होतं. लिफ्टमध्ये चौदा मजले उतरताना मला त्या बाईचा जेवढा तिटकारा आला तेवढाच आरशातल्या माणसाचा आला. आणि तो माणूस नीट इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

सोमवारी मी खारघरच्या दवाखान्यात गेलो. ती बाहेर बाकावर बसली होती. आम्ही एकत्र आत गेलो. डॉक्टरबाई चाळिशीच्या, रोखठोक. माझी एक ओळ मी सहीनिशी लिहून नेली होती. 'सदर कुत्र्याचा कान मी स्वतः, मनाई केलेली असताना, पुठ्ठा कापायच्या कात्रीने कापला. या बाईंनी त्याला दवाखान्यात नेऊन वाचवलं.' त्यांनी ती वाचली.

"मग व्हिडिओत तुम्ही काय बोलताय ते?"

"खोटं बोलतोय."

"का?"

"माझं नाव येऊ नये म्हणून."

"आणि ही कबूल का करतेय?"

मी त्यांना घंटीचं सांगितलं. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बत्तीस वर्षं खिडकीच्या पलीकडच्या माणसांच्या चेहऱ्यावर बघत आलो होतो. खिडकीच्या या बाजूला बसून ते कधी लागलं नव्हतं.

"कागद ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पेशंटांनी व्हिडिओ पाहिलाय. ते कागद वाचायला येणार नाहीत."

तिने पर्समधून मोबाइल काढला. हे तिने आधीच ठरवलं होतं. मला भिंतीशी उभं केलं, उजेड तोंडावर येईल असं.

"बोला."

मी म्हणालो, "नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानात एक दुर्दैवी घटना घडली..."

तिने मोबाइल खाली घेतला. "घटना नाय घडली. परत."

"नमस्कार. माझ्याकडून अनवधानाने एक चूक..."

"कोनी कापला ते पयलं बोला, काका. बाकी काय नको."

डॉक्टरबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. एक मांजर पिंजऱ्यातून बघत होतं. बत्तीस वर्षांत 'हे मी केलं' असं वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. कचेरीत सगळं आपोआप घडायचं. फाइल गहाळ व्हायची, विलंब व्हायचा, नजरचूक व्हायची. तिसऱ्या वेळी मी बोललो. कान मी कापला. हिने मला थांबायला सांगितलं होतं. हात हिचा नाही, माझा वाईट होता. नाटक आहे असं समजून ही गप्प राहिली आणि तिच्या गप्प राहण्याचा मी फायदा घेतला.

तिने ते एकदा लावून पाहिलं. आवाज नीट आलाय ना ते ऐकलं. मग मोबाइल पर्समध्ये टाकला, भिंतीवरचा एप्रन अंगात घातला आणि आत गेली. आत एक पूडल वाट बघत होता. मी माफी मागायची ठरवून आलो होतो, वाक्यही तयार केलं होतं. ते घेऊन तसाच परत आलो.

हा दुसरा व्हिडिओ पहिल्याइतका फिरला नाही, पण बऱ्यापैकी फिरला. टॉवेलवाल्या बाईंनी मला दाखवला. खाली लोकांनी लिहिलं होतं. 'काका, रिस्पेक्ट.' 'या वयात एवढा प्रामाणिकपणा, सलाम.' 'खरे संस्कार.' लाल बदाम, जोडलेले हात. एकीने लिहिलं होतं की काका किती क्यूट आहेत. दोन वर्षं तोंड शिवून बसलेल्या माणसाला ही मंडळी फुलं वाहत होती. जिचं काम गेलं तिच्याविषयी कुणाला एक अक्षर सुचलं नव्हतं. पहिल्या वेळी त्यांना तमाशा हवा होता, या वेळी देव हवा होता. दोन्ही वेळा मीच मिळालो. सुनेच्या दुकानातली गर्दी थोडी कमी झाली आहे. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काउंटरवर आता मी बसत नाही.

खाली अगदी शेवटी कामोठ्याच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, 'त्या मॅडम हल्ली कुठे असतात? आमच्या गोल्डनची नखं कापायची आहेत. तो चावतो. त्या घरी येतील का?'

त्याला तिचं उत्तर होतं. तिने स्वतः टाइप केलेलं.

'घरी येत नाही. दवाखान्यात वेळ घेऊन आणा. गाठी असतील तर आधी सांगा.'